मालकिणीनेच नावे ठेवलेली गाडी

निवृत्तीनंतर मी दोन गोष्टींना आरंभ केला आणि दोन्हींना उशीरच झाला होता. एक म्हणजे गाडी चालवणे, दुसरी म्हणजे एकटीने प्रवास करणे. पहिली मला जेमतेम जमली. दुसरी लॉजच्या काउंटरपाशी येऊन अडली. तिथला माणूस माझ्याकडे न पाहता माझ्या खांद्यावरून दरवाज्याकडे पाहतो आणि विचारतो, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटले की तो माझे ओळखपत्र उलटसुलट करतो, आतल्या माणसाशी काही बोलतो, आणि मग एक तर खोली शिल्लक नसते किंवा असलीच तर जिन्याखालची असते. आयुष्यभर मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. दोन विधानांतून तिसरे कसे निष्पन्न होते हे मी शेकडो मुलांना फळ्यावर दाखवले असेल. पण त्या काउंटरवर मला एक साधे वाक्य जुळवता येत नसे. तुळजापुरात, म्हणजे माझ्या स्वतःच्या जिल्ह्यात, एकदा मी ओळखपत्र परत घेतले आणि मुकाट्याने बसस्थानकावर जाऊन बसले.

म्हणून मला ती गाडी हवी होती. तामलवाडीच्या एका निवृत्त इंजिनिअरांनी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या आत घर केले आहे, झोपायला फळी, स्वयंपाकाला ओटा, पाण्याची टाकी, सगळे आहे आणि आता ते ती विकत आहेत, असे एका ओळखीच्या बाईंनी सांगितले. किमतीचे बोलणे फोनवरच झाले, तेही इंजिनिअरांच्या पत्नीशी. उरले होते ते प्रत्यक्ष पाहणे.

पाहायला मी एकटी जाऊ शकले असते. पण मला घासाघीस करता येत नाही, आणि कोणी आवाज चढवला की माझे पहिले काम माघार घेणे असते. हे ठाऊक असल्यामुळे माझ्या दिवंगत थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मुरुमहून मुद्दाम आले. दाजींचा जन्म बैलांच्या व्यापारात गेला. आता बैल कमी झाले, गुडघेही गेले, पण बाजाराच्या दिवशी त्यांना घरात बसवत नाही.

"बोलाया येत न्हाय तर बाजारात जाऊ नये माणसानं," ते मला एसटीतच म्हणाले. "तू निस्ती हुबी ऱ्हा. तोंड म्या उघडतो."

वाटेत त्यांनी मला रीतही समजावून दिली. बैल पाहायला गेले की घेणाऱ्याने आधी खोडी काढायच्या. शिंगे वाकडी म्हणायची, चाल मंद म्हणायची, पाठीवरचा भोवरा अपशकुनी म्हणायचा. हे सगळे मालकाच्या तोंडावर आणि मोठ्याने. मालकाने रागावायचे नसते. त्याने तेवढ्याच मोठ्याने गुण सांगायचे असतात. या उत्तर-प्रत्युत्तरात दोघांचाही घसा सुकला की मग सौद्याला तोंड लागते. "गप बसला मालक, तर खोड खरी समजायची," दाजी म्हणाले.

घर महामार्गापासून थोडे आत, उसाच्या कडेने गेलेल्या वाटेवर होते. पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी होती, पांढरी, खालच्या कडेला तांबूस झालेली. शेडच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर इंजिनिअर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आमची चाहूल लागताच त्यांनी मान वळवली, पण ती जरा चुकीच्या दिशेला. काचबिंदूने त्यांच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली होती. फोनवर हे कोणी सांगितले नव्हते.

"दिसत नाही त्यांना," त्यांच्या पत्नी घरातून येता येता म्हणाल्या. "दिसत होतं तवाही फारसं बघत नव्हते म्हणा." आणि त्या हसल्या.

इंजिनिअरांनी खिशातले पेन चाचपले.

दाजींनी गाडीला एक फेरी घातली, मागच्या चाकावर लाथ मारली आणि रीतीप्रमाणे सुरुवात केली. "मागनं बसलीया ओ ही. म्हातारी झालीया. आन् रंग बघा, खरूज आल्यागत."

आता मालकाने उत्तर द्यायचे होते. इंजिनिअरांचे ओठ हलले. उत्तर आले ते पत्नीकडून.

"खरूज वरनं दिसतीय तेवढीच न्हाय. खाली वाकून बघा. पार चाळण झालीय."

दाजी गोंधळले. क्षणभर त्यांना वाटले असावे की आपण चुकीच्या माणसाशी बोलत आहोत. त्यांनी दुसरी खोड काढली. "दारं खुळखुळी असतील."

"एक दार उघडतच न्हाय," त्या म्हणाल्या. "आतनं ढकलायचं आणि बाहेरनं लाथ घालायची. दोघं लागतात."

मी बॅटरी आणली होती. वाकून खाली प्रकाश टाकला. गंज होता, पण चाळण मुळीच नव्हती. मग मी पुढच्या झाकणावर हात ठेवला, कारण जुनी गाडी पाहताना इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे असे मी वाचले होते. झाकण कोमट होते.

पत्नींनी माझा हात पाहिला. "सकाळीच तापवलीय," त्या म्हणाल्या. "यांनीच सांगितलं. थंडीत लवकर धरत न्हाय, घेणारं यायच्या आत चालू करून ठेव म्हणाले. मीच फिरवली चावी. मग चावी परत खिशात. माझ्यावर भरवसा न्हाय."

खुर्चीतल्या माणसाचा चेहरा हळूहळू लाल झाला. तो लाल रंग कानाच्या पाळीपर्यंत पोचलेला मला दिसला आणि मी दुसरीकडे पाहिले.

"प्रत्येक डिझेल गाडी सकाळी सुरू व्हायला थोडा वेळ घेते," ते अखेर म्हणाले. त्यांचा आवाज स्वच्छ, शिकवणाऱ्या माणसाचा होता. "त्यात लपवण्यासारखं काही नाही."

"मग लपवलं कशाला?"

दाजींनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. सौदा करायला दोन बाजू लागतात. इथे दोन्ही एकाच बाजूला उभ्या होत्या, आणि दाजींच्या वाट्याला काही उरतच नव्हते.

मी आत गेले. आत गेल्यावर मात्र मला बाहेरचे ऐकू येईनासे झाले, किंवा मी ऐकणे थांबवले. फळी एका माणसाला आरामात आणि दोघांना अवघडून पुरेल एवढी होती. तिच्या डोक्याशी एक आडवी, अरुंद खिडकी होती. पडल्यापडल्या बाहेरचे दिसावे आणि बाहेरून आतले कोणी दिसू नये अशी तिची उंची बेतलेली होती. कपांच्या फळीला पुढून पट्टी होती, म्हणजे वळणावर कप पडणार नाहीत. आणि दाराला आतून एक जाड कडी होती. ती मी लावून पाहिली. काढली. पुन्हा लावली.

दारावर टकटक झाली आणि मी कडी काढली. पत्नी आत आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांची उभे राहण्याची जागा ठरलेली होती, हे त्यांच्या पाठीवरून कळत होते. ओट्याचा तेवढाच भाग घासून गुळगुळीत झाला होता.

"त्या कॅलेंडरमागं बघा," त्या म्हणाल्या.

मी भिंतीवरचे कॅलेंडर उचलले. मागची पट्टी पाण्याने फुगून काळी पडली होती.

"पावसात गळते. कॅलेंडर यांनीच लावायला सांगितलं." मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तुमच्या सोबत कोण असणार?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"नवरा?"

"लग्न केलेलं नाही."

"असं." त्यांनी मान हलवली, जणू कॅलेंडरमागे त्यांना आणखी एक डाग दिसला होता. "मग बरं जमेल तुम्हाला. आम्ही किती हिंडलो यातनं. कोकण झालं, कर्नाटक झालं. यांनी डोंगर बघितले, म्या ही शेगडी बघितली. थांबले की म्हणायचे, काय देखावा आहे! आणि मी कांदा चिरत असायचे. संडास न्हाय हं यात. झुडूप शोधायचं. एकट्या बाईनं झुडूप शोधायचं म्हणजे कसं, ते तुम्ही बघा."

"मला लॉजवर खोली देत नाहीत," मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.

त्यांना गंमत वाटली. "न्हायच देणार," त्या म्हणाल्या.

बाहेर दाजींनी तोवर निर्णय घेतला होता. रिकामी गाडी ओढताना कुठलाही बैल चांगलाच दिसतो, असे त्यांचे मत होते. बाजारात चाके बांधतात, वर माणसे बसवतात आणि मग ओढायला लावतात. खरा बैल तेव्हा कळतो. "घाट चढवू तुळजापूरचा. भरून," ते म्हणाले. आणि मी काही म्हणायच्या आत महामार्गावरच्या थांब्यावर जाऊन त्यांनी एसटीची वाट पाहणाऱ्यांना हाक घातली. देवीला निघालेल्या बायका, त्यांच्या परड्या, दोन म्हातारे, एक पोते, अशी वरात मागच्या दाराने आत शिरली. फुकट म्हटल्यावर कोणी प्रश्न विचारला नाही.

इंजिनिअर उठले. "मी येणार," ते म्हणाले. चाचपडत त्यांनी पुढच्या डाव्या सीटचा दांडा पकडला आणि इतक्या सहज चढून बसले की क्षणभर ते आंधळे नसल्यासारखे वाटले. खिशातून चावी काढून त्यांनी माझ्या दिशेने धरली.

घाट आता रुंद झाला आहे, पण चढ तो चढच. मी चालवत होते आणि माझ्या मागे सगळे घर उघडे पडले होते. कोणी फळीवर चपलांसकट मांडी घातली होती, कोणी कपाटे उघडत होते. "आगं, नळ बी हाय की!" एक बाई ओरडली. "पाणी येतंय का?" "आलं, आलं!" पत्नी त्यांना वाटाड्यासारख्या सगळे दाखवत होत्या, आणि प्रत्येक वस्तूमागे एक दोष जोडत होत्या.

"आणि घेणार कोण हो ही?" कोणीतरी विचारले.

"ह्या पुढं बसलेल्या बाई. एकट्याच हायेत. यातच राहणार म्हणतात."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं माय, घरच्यांनी हाकललं का काय?" सगळे हसले. दाजीही हसले, मला त्यांचा खोकला त्या हसण्यात वेगळा ऐकू आला.

चढावर मला तिसऱ्यातून दुसऱ्यात यावे लागले आणि गिअर करकरला. शेजारी इंजिनिअरांचा डावा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला गेलेला मला दिसला. पुढच्या वळणाआधी तो पाय पुन्हा हलला, माझ्या पायाच्या किंचित आधी. मी त्याच्याबरोबर क्लच दाबला. गिअर मुकाट्याने पडला. मग वरपर्यंत मी त्यांच्या पायाकडे पाहत गाडी चालवली; एकदाच चुकले, तेव्हा पुन्हा करकरले. मला वाटले, या सबंध दिवसात हा एकच माणूस माझ्या बाजूचा आहे.

तुळजापुरात माणसे उतरली. एका बाईने मला काचेतून विचारले, "बाई, परतीला गाडी किती वाजता निघतीया?" मी उत्तर शोधत राहिले आणि ती निघून गेली. इंजिन तापले नव्हते, धूरही साधाच होता. दाजींच्या कसोटीला गाडी उतरली होती. आम्ही चौघे परत तामलवाडीला आलो. उतरताच इंजिनिअरांनी हात पुढे केला. मी चावी त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती खिशात टाकली.

आता मला एवढेच हवे होते की दाजींनी "बरी आहे" म्हणावे.

"गाडी बरीय," दाजी म्हणाले. "वढती. पण घ्यायची न्हाय."

"का?" मी विचारले.

"जल्म गेला माझा बाजारात. घेणारा नावं ठेवतो, इकणारा गुण गातो. पर इकणाऱ्याच्या घरचंच माणूस नावं ठेवाया लागलं, तर त्या जनावरानं त्याला कवातरी मारलेलं आसतंय. आसलं जनावर दावणीला आणू नये. बेडा." हा शेवटचा नकार त्यांनी कानडीत दिला, त्यांचे मन पक्के झाले की त्यांची भाषा सीमा ओलांडते.

"मारलंय की," पत्नी शांतपणे म्हणाल्या. "रोज मारलंय."

मला ती अरुंद खिडकी दिसत होती, आणि ती कडी. ही गाडी गेली तर पुन्हा काउंटर, पुन्हा ओळखपत्र, पुन्हा खांद्यावरून जाणारी नजर. मालक गप्प होते. मालकीण विरुद्ध बोलत होती. गुण सांगायला कोणीच उरले नव्हते. म्हणून विकत घेणारी मीच ते सांगू लागले. मी त्या खिडकीची उंची सांगितली. कपांच्या फळीची पट्टी सांगितली. ज्या माणसाने हे बांधले त्याने प्रत्येक ठिकाणी आधी विचार केला आहे, असे म्हणाले. या वेळी माझी वाक्ये पूर्ण होत होती. "मला ही गाडी हवी आहे," मी म्हणाले.

इंजिनिअरांनी मान वर केली. मला वाटले, ते आता माझ्याकडे वळतील. पण ते दाजींच्या आवाजाच्या दिशेने वळले.

"या बाईंना गाडी देता येणार नाही," ते म्हणाले.

"का ओ?" दाजींनी विचारले. नकार त्यांचाही होता, पण दुसऱ्याने दिलेला त्यांना रुचला नसावा.

"मी ऐकलं ना. चढावर गिअरचे दात खातात. एका उन्हाळ्यात गिअरबॉक्स संपवतील. ही हौस तरुणपणी करायची असते. म्हातारपणी शिकलेल्या माणसाच्या हाताला कान नसतात. आणि एकट्या! टायर फुटला तर काय करणार? रडत बसणार रस्त्याच्या कडेला, आणि लोक म्हणणार, गाडी कोणाची? माझी. मी नाही देणार."

माझी वाक्ये संपली होती. त्यांच्या पायाकडे पाहत मी तो घाट चढले होते, आणि ते सगळा वेळ माझ्या चुका ऐकत होते.

पत्नी मात्र एकदम ताज्यातवान्या झाल्या. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच मला म्हणाले होते. म्या एकदा स्टेअरिंग मागितलं होतं, सपाट रस्त्यावर, माळावर, कुत्रं नव्हतं आडवं यायला. तुझ्या हाताला कान न्हाईत म्हणाले. मागं जा, चहा ठेव म्हणाले."

"तुला उलटी होत होती," इंजिनिअर म्हणाले.

"मागं बसून होत होती!"

"स्वयंपाक सोडून तुला आयुष्यात काय जमलं, सांग ना यांना. सांग."

त्या उत्तर न देता खुर्चीपाशी गेल्या. वाकून त्यांनी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला. इंजिनिअरांना हात दिसला नाही, फक्त लागला. दचकून त्यांनी खिसा दाबून धरला, पण तोवर चावी बाहेर आली होती आणि पेन खाली पडले होते.

"गाडी माझ्या नावावर हाय," त्या म्हणाल्या. "सरकारी नोकरीत यांना स्वतःच्या नावावर नको होती. तवा मी चालले." चावी त्यांनी माझ्या हातात कोंबली. "घ्या. आत्ताच न्या. पैसे बँकेत टाका, कागदं मागनं करू."

"मी... आभारी आहे," मी म्हणाले.

"आभार नकोत. तुमचं मला काय घेणंदेणं? दरीत घाला न्हायतर नदीत. पण फाटकातनं जाताना गिअरला दात खाऊ द्या. चांगलं करकर वाजू द्या. यांना ऐकू गेलं पाहिजे."

इंजिनिअर खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. ते वाट पाहत होते, हे त्यांच्या मानेवरून दिसत होते. सगळा माणूस एका कानाएवढा झाला होता.

दाजी बडबडत शेजारी येऊन बसले. मी गाडी सुरू केली आणि पहिला गिअर टाकला. तो आवाज न करता पडला. फाटक ओलांडले. पुढे वाट सरळ होती, दुसरा टाकायला हवा होता. पण तो करकरला असता. मालकिणीला ते हवे होते, आणि मालकाला ते ठाऊक होते, आणि मला या दोघांपैकी कोणालाही काही द्यायचे नव्हते. मी ठरवले की महामार्ग येईपर्यंत गिअर बदलायचाच नाही. त्यांना काही ऐकू जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

मी अॅक्सिलरेटर दाबत गेले. गाडी वेग घेईना, नुसता आवाज घेऊ लागली. कप आपल्या पट्टीमागे थरथरू लागले.

"आगं, गिअर बदल की!" दाजी कानावर हात ठेवून ओरडले. "बोंबलतीया ती! इंजान फुटंल!"

करकर एका क्षणात संपली असती. हे किंचाळणे उसावरून मागे, त्या अंगणापर्यंत, सलग जात होते, आणि नवशिक्या माणसाला हे आधी सुचत नाही. मी आरशात पाहिले. इंजिनिअर फाटकापर्यंत आले होते, हात पुढे पसरलेले, तोंड उघडे. काय ओरडत होते ते इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हते. मागे त्यांची पत्नी त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसली होती.